चार डिग्रीवरचं रक्त

आक्के, तुझा फ्लेक्स मी उतरवला.

रक्षाविसर्जन करून नदीवरून परत येत होतो. चौकात तालमीच्या भिंतीशेजारी खांबाला तो बांधलेला दिसला. हिरव्या साडीतला तुझा फोटो, दोन्ही बाजूंना समया, आणि खाली ठळक अक्षरांत ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. मी गाडी बाजूला घेतली, समोरच्या सायकलवाल्याकडून पक्कड मागून घेतली, तारा तोडल्या आणि गुंडाळी करून काखेत मारली. भर सकाळी शिवाजी पेठेत एक माणूस स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स काढून नेतोय म्हटल्यावर लोक बघणारच. बघू देत.

अल्पशा म्हणे. तीन वर्षं. एक ऑपरेशन, दोनदा गेलेले केस, हातावरच्या काळ्या पडलेल्या शिरा, आणि शेवटच्या महिन्यात पाण्याचा घोटसुद्धा चमच्यानं. यातलं अल्प काय होतं ते मला त्या छापणाऱ्यानं समोर येऊन सांगावं.

तुझे थोरले दीर, आण्णा, माझ्या पाठोपाठ घरात आले. फ्लेक्स त्यांनीच लावला होता.

“सुभाषराव, हे काय चाललंय? पद्धत असती ती. समद्यांचं असंच छापत्यात.”

“समद्यांचं छापू देत. आक्काचं न्हाय.”

“मग काय लिहायचं? बाईमाणसाच्या छातीचं चौकात लावायचं?”

“छातीचं कुठं म्हणतोय मी? कॅन्सर म्हणतोय. तीन अक्षरं हायत.”

आण्णा आवाज खाली आणून म्हणाले, “रूपालीचं लग्न व्हायचंय अजून.” खरी मेख तिथं होती. तू गेलीस, आता तुझ्या लेकीला स्थळं यायची, आणि चौकात आईचा आजार छापलेला. मला त्यांचा राग आला, पण ते वाईट माणूस नाहीत हे तुलाही माहीत आहे. त्यांनी तडजोड सुचवली, ‘कॅन्सरशी झुंज अपयशी’ असं लिहू. ते ऐकून मला हसूच आलं. दवाखान्यात एक नर्स तुला असंच म्हणाली होती, ताई, तुम्ही छान झुंज देताय. त्यावर तू काय म्हणालीस ते आख्ख्या वॉर्डानं ऐकलं होतं. “झुंज बिंज काय न्हाय. मी काय आखाड्यात उतरलोय व्हय? मी ब्लाऊज शिवतो.” आपल्याकडच्या बायका बोलतात तशी तू कायम ‘मी जातो, मी करतो’ असंच बोललीस, आणि पुण्याकडची ती नर्स तुझ्याकडं बघतच राहिली.

दुपारी दुसरा फ्लेक्स लागला. ‘कॅन्सरने निधन.’ समया तेवढ्या ठेवल्या.

चौकात मी एवढा ताठ उभा राहिलो, आक्के, पण तुझ्यासमोर दीड वर्ष एक गोष्ट माझ्या तोंडातून निघाली नाही. तू विचारलं नाहीस असंही नाही. तू विचारलंस आणि मी खोटं बोललो. आज ते सांगायला बसलोय. तुझा थोडा तरी राग माझ्या वाट्याला येऊ दे, एवढीच इच्छा आहे, आणि आता तोही यायचा नाही.

कुठून सुरू करू? तुझ्या दुकानापासूनच करतो. दाजी गेले तेव्हा रूपाली चार वर्षांची होती. पुढच्या खोलीत मशीन टाकून तू ब्लाऊज शिवायला बसलीस ती बसलीसच. पेठेतल्या निम्म्या बायकांचं अंग तुला पाठ होतं. कोण बाळंतपणानंतर सुटली, कुणाला सासरचं जेवण मानवत नाही, हे तुला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं. एक खांदा उतरलेला असला तर तू तो शिलाईत असा झाकायचीस की बाईला स्वतःलाही आरशात दिसत नसे. आणि एवढी तू, स्वतःचं माप कधी घेतलं नाहीस. शिंप्याच्या घरची रीतच आहे ती. जुनं एक ब्लाऊज मापाला ठेवायचं आणि त्यावरून नवं बेतायचं. डाव्या बाजूला कापड ओढायला लागलं तेव्हा तू काय केलंस? शिलाई उसवून अर्धा इंच सैल केलंस. दोन महिन्यांनी परत ओढलं. परत उसवलंस. दुसऱ्या कुठल्या बाईचं असं झालं असतं तर तू तिला हाताला धरून डॉक्टरकडं नेलं असतंस. हे तूच मला सांगितलंस, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आणि वर म्हणालीस, “वीस वर्षं शिलाई केली रे सुभ्या, आन गाठीला माया सोडत बसलो.” कापडात वाढीव सोडतात त्या मायेबद्दल तू बोलत होतीस. तू हसलीस. मला नाही हसता आलं.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस परत आले. वर्षभर सगळे रिपोर्ट स्वच्छ. आण्णांनी अंबाबाईची ओटी भरायला लावली. आणि तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एका नव्या रक्ततपासणीचा विषय काढला. त्यांनी आपल्याला नीट समजावून सांगितलं होतं. गाठ काढली तरी कधीकधी तिच्यातल्या चार-दोन पेशी रक्तात उतरलेल्या असतात. रक्तात कोट्यवधी पेशी, त्यात या मोजक्या. स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत, तिथं दिसायला गाठ व्हावी लागते. पण रक्त काढून पाठवलं तर मोठ्या शहरातली एक प्रयोगशाळा त्या शोधून काढते. त्यांनी हेही सांगितलं की तपासणी अजून नवी आहे, सापडल्या तर पुढं नेमकं काय करायचं यावर डॉक्टरांचं एकमत नाही. करायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही, असं स्वच्छ म्हणाल्या त्या.

आण्णा म्हणाले, नको. मी म्हणालो, नको. सगळं छान चाललंय, कशाला उकरून काढायचं? तू आमच्या दोघांकडं असं बघितलंस की जणू आम्ही ब्लाऊजचे दोन चुकीचे कापलेले गळे आहोत.

“रक्त कुणाचं हाय?”

“तुझंच की.”

“मग मला कळाय नको व्हय त्यात काय फिरतंय ते? बाई, काढा.”

एप्रिलचा महिना होता. अकरा वाजता रक्त काढलं, दोन नळ्या. त्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून दिल्या आणि म्हणाले, कुरिअरच्या ऑफिसात आजच द्या. ऑफिस दुपारी चारला उघडणार होतं. तू म्हणालीस, “सुभ्या हाय न्हवं, मग काळजी न्हाय.” हे वाक्य मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

बावीस वर्षं मी वडगावच्या शीतकरण केंद्रावर आहे. गावोगावचं दूध येतं, ते तपासायचं आणि पहिल्या मिनिटाला चार डिग्रीवर न्यायचं. माझ्या पाळीत आजवर एक टाकी नासलेली नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं. माझ्या मांडीवर माझ्या बहिणीचं रक्त होतं आणि ते पाच तास तसंच राहणार होतं. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. खोक्यावर बर्फाच्या कणाचं चित्र होतं आणि त्यावर काट मारलेली होती. मी म्हटलं, बरोबर आहे, बर्फ करायचा नाही. दुधाचाही बर्फ करत नाहीत. गोठवायचं नाही म्हणजे गार ठेवायचं, एवढं मला कुणी शिकवायला नको. गाडीत माझी दुधाच्या नमुन्यांची पेटी होती. खोकं तिच्यात ठेवलं. दर अर्ध्या तासानं तापमान बघत होतो. चार डिग्री. वाटेत कमी पडू नये म्हणून थंड जेलची एक पिशवी खोक्यातच सरकवून वरून चिकटपट्टी मारली. कुरिअरच्या टेबलावरचा माणूस म्हणाला सुद्धा, “पावणं, डबं लई गार लागतंय की.” मी म्हटलं, “गारच पायजे. लावा गाडीला.” इतक्या काळजीनं मी आयुष्यात दुसरं काही पोचवलेलं नाही.

चौथ्या दिवशी माझ्या फोनवर निरोप आला. नमुना थंडीनं निकामी झालाय, मोजण्यासारखं काही उरलेलं नाही, या नळ्या नेहमीच्या हवेतच ठेवायच्या असतात, नवीन रक्त पाठवा. फोन घेतला तेव्हा मी केंद्रावर होतो, समोर टाकीचा काटा चारवर. मी तिथंच पायरीवर बसलो.

संध्याकाळी तू विचारलंस, “आलं का काय?” मी म्हणालो, “कुरिअरवाल्यानं घोळ केला कायतरी. परत द्यायचं म्हणत्यात.” किती सहज आलं ते तोंडात. मला वाटलं होतं, तू चिडशील, दोन शिव्या देशील आणि विषय संपेल. तू दुसऱ्या दिवशी चपला घातल्यास आणि थेट त्या ऑफिसात गेलीस. मी मागं मागं.

“पावणं, माझं रक्त हुतं ते. हापूसची पेटी न्हवं. एका बाईचा जीव टांगणीला लागलाय, आन तुमी काय त्याच्यावर बसून चहा पित हुता?”

तो माणूस माझ्याकडं बघत होता. त्याला आठवत होतं. डबं गार लागतंय हे त्यानंच म्हटलं होतं. तो एक शब्द बोलला असता तर तिथंच माझा निकाल लागला असता. तो म्हणाला, “चुकलं मावशी, माफ करा.” तू पुढं दहा मिनिटं त्याला धुतलंस आणि मी तुझ्यामागं मान घालून उभा. परवा जाऊन मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, “जाऊ द्या. बहीण हुती तुमची.”

नवीन नळ्या यायला तीन आठवडे गेले. औषधांनी तुझ्या शिरा कडक झाल्या होत्या, तिसऱ्या टोचणीला रक्त आलं. यावेळी खोकं मी हातात घेतलंच नाही. रिपोर्ट आला त्यात एकच आकडा होता. सहा. कितीसं रक्त होतं ते, दीड-दोन चमचे. त्यात सहा पेशी.

तू कागद हातात धरून म्हणालीस, “सहाच? एवढ्या गर्दीत सापडले कसे रे यांना?” तुला खरोखरच कौतुक वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच स्कॅन केला. स्कॅन स्वच्छ. कुठं काही नाही. मग तुमची दोघींची जी जुंपली ती मी कधी विसरणार नाही.

“दिसत्यात तर धरा की त्यांना.”

“ताई, एवढ्यावरून औषध सुरू केलं तर फायदा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. औषधाचा त्रास मात्र नक्की होतो. आपण बारीक लक्ष ठेवू.”

“म्हंजे सहा जण आत घुसलेत, रेफ्रीला दिसतंय, आन शिट्टी मारायची न्हाय.”

डॉक्टरीणबाई हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. पेठेच्या फुटबॉल टीमची एकही मॅच न चुकवणाऱ्या बाईशी गाठ आहे हे त्यांना कुठं माहीत होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. बघणं आम्हाला आधी जमलंय, धरणं अजून जमायचंय.” तुला ते उत्तर आवडलं. बाहेर आल्यावर म्हणालीस, बाई खरं बोलली.

मी मात्र धुमसत होतो. घरी येऊन मी तुझ्याशी भांडलो. काय मिळालं हे कळून? औषध नाही, उपाय नाही, नुसता घोर. तपासलं नसतंस तर सुखानं झोपली असतीस. पुढचे पाच महिने मी हेच म्हणत राहिलो, दर रविवारी, तुझ्या हातचं जेवून, तुझ्याच घरात. तू कधी कधी उत्तर द्यायचीस, कधी मशीन जोरात चालवायचीस.

खरं उत्तर तू दुकानाच्या दारावर चिकटवलंस. ‘मापाचं ब्लाऊज घेतलं जाणार नाही. अंगावरच माप घेतलं जाईल.’ बायका कुरकुरल्या. वर्षानुवर्षं जुनं ब्लाऊज पिशवीत टाकून पोरांच्या हातनं पाठवायची सवय. तू ऐकलं नाहीस. पडद्याआड उभं करून टेप लावायचीस आणि तोंडानं सुरू. कधी हात लावून बघतीस का? आंघोळीला बघ. दोन्हीकडं सारखं लागतंय का बघ. लाजू नको, मी लाजलो त्याचं काय झालं बघ. आणि ब्लाऊजचा काठ बाजूला करून तू त्यांना तो व्रण दाखवायचीस. आण्णांनी मला फोन केला, सुभाषराव, बहिणीला आवरा, पेठेत चर्चा आहे. मी तुला आवरायला आलो. तू म्हणालीस, “मला किती दिवस हायत ते मला आता अंदाजानं माहितीय. तुला माहितीय का तुझं? मग गप बस.”

मागल्या गल्लीतल्या शकूवहिनींच्या काखेत तुझ्या बोटांना वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. त्यांचा कॅन्सर लवकर सापडला. त्या आज हिंडतात फिरतात.

दिवाळीच्या तोंडावर स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले. तेव्हा औषधं सुरू झाली, आणि पुढचं वर्ष कसं गेलं ते तुला मी काय सांगू. तू भांडत राहिलीस, डॉक्टरांशी, आण्णांशी, देवाशी, माझ्याशी. शेवटी आवाज गेला तेव्हा नुसते डोळे वटारायचीस. शेवटच्या आठवड्यात तू एकदा विचारलंस, अगदी तुटक तुटक, “पहिल्या रक्ताचं... काय झालतं रे खरं?” तुला संशय होता का? का असंच आठवलं? मी म्हणालो, “कुरिअर, आक्का.” तू डोळे मिटलेस. तेवढी एक संधी होती, तीही मी घालवली.

गेल्या बारा दिवसांत मला एक गोष्ट कळली आहे, आणि ती कळल्यापासून मला स्वतःची लाज वाटते. ते पाच महिने मी तुझ्याशी का भांडत होतो? तुझ्या काळजीनं भांडतोय असं मला वाटत होतं. खरं ते नव्हतं. कळून काही उपयोग नसतो हे तू एकदा मान्य केलं असतंस, तर माझ्यामुळं गेलेल्या तीन आठवड्यांनीही काही बिघडलं नाही असं ठरलं असतं. मी स्वतःची सुटका करून घेत होतो आणि तुझं समाधान हिरावून घ्यायला बघत होतो. डॉक्टरीणबाईंना मी एकट्यानं जाऊन विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांनी आजाराच्या वाटेत फरक पडला नसता. असेल. त्या खोटं बोलत नाहीत. पण तीन आठवडे तुला माहीत नव्हतं. तीन आठवडे तू मापाची ब्लाऊजं घेत राहिलीस. तुझ्या हिशोबानं ते दिवस तुझे होते आणि ते मी घालवले.

म्हणून आता सरळ सांगतो. भांडण तू जिंकलीस. कळायला पाहिजे होतं, आणि लवकर कळायला पाहिजे होतं, आणि मी आडवा आलो. कुरिअरनं नाही, मी. माझ्या हुशारीनं, माझ्या चार डिग्रीनं. मला माफ कर असं म्हणत नाही, तू अशी सहज माफ करणाऱ्यातली नव्हतीस आणि ते मला आवडायचं.

हे मी फक्त तुला सांगून थांबलो नाही. काल तुझं उत्तरकार्य झालं. जेवणं आटोपून सगळे माजघरात बसले होते, शकूवहिनीही होत्या. आण्णांनी विषय काढला. तुझ्या दुसऱ्या औषधांच्या वेळी तुझ्या रक्तात एक दोष सापडला होता, आईकडून मुलीकडं उतरू शकणारा. रूपालीनं तपासून घ्यावं असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. ही तपासणी वेगळी, हिच्यात आजार शोधत नाहीत, तो पुढं व्हायची शक्यता जास्त आहे का तेवढं बघतात. पण आण्णांना रक्त म्हणजे रक्त.

“त्या सुया टोचून टोचूनच आजार खवळला. गप पडून हुता, डिवचला. जे झालं ते झालं. पोरीच्या मागं ते नको. उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं? मामा हायत, त्यांनी सांगावं तिला.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. लग्नाच्या गोष्टीत मामाचा शब्द. शकूवहिनी म्हणाल्या, “सुईनं खवळतो म्हणं. त्यांनी हात लावून बघितलं म्हणून मी हितं बसलोय, आण्णा.” पण आण्णा माझ्याकडंच बघत होते.

मी सांगितलं, आक्के. सगळं सांगितलं. पेटी, जेल, काट मारलेलं चित्र, फोनवरचा निरोप, कुरिअर. शेवटपर्यंत सांगितलं. आणि म्हटलं, “सुईनं काय झालं न्हाय. उशीर झाला तो माझ्यामुळं, आन तिला खरं सांगितलं न्हाय तेबी मीच. मामाचा शब्द पायजे न्हवं? तपासून घे, रूपाली.”

रूपाली तुझ्या मशीनशेजारी बसली होती. इचलकरंजीला कापड कारखान्यात कामाला लागल्यापासून ती कमी बोलते, तुझ्यासारखी तोंडाळ नाही.

“तीन आठवडे?” ती म्हणाली.

“तीन.”

“आणि आई त्या माणसाला जाईल तिथं शिव्या देत होती.”

“व्हय.”

तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. डोळे पुसून ती म्हणाली, “मामा, माझी वेळ मी मागच्याच आठवड्यात घेतलीय. उद्या साडेनऊ. मला तुझी परवानगी नको होती. सोबत ये, एवढंच. आणि निकाल माझ्या फोनवर येणार आहे, तुझ्या नाही.”

आण्णा उठून बाहेर गेले. आज सकाळी आम्ही निघताना मात्र तेच दारात गाडीची किल्ली घेऊन उभे होते. गाडी त्यांनीच चालवली.

रूपालीनं बाही वर केली. रक्त काढणाऱ्या मुलीनं विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, “वाटते की. काढा.” आक्के, तुझ्या प्रत्येक सुईच्या वेळी मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. तुला वाटायचं मला रक्त बघवत नाही. बावीस वर्षं दूध तपासणारा माणूस रक्ताला घाबरत नाही. मला तुझं तोंड बघवत नव्हतं, कारण तू कधीच तोंड फिरवत नव्हतीस.

आज तुझी लेक सुईकडं बघत होती. मी समोरच्या खुर्चीवर बसलो आणि तिच्याकडं बघत राहिलो, नळी भरेपर्यंत.